प्रतिमा-रूपांतर आणि ॲनिमेशनसाठी कमांड लाइनवरचं कोणतं साधन निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज शे-दोनशे फोटो एका मापात आणायचे, त्यांवर नाव टाकायचं, काहींचं जिफ करायचं, काहींचा व्हिडिओ, आणि हे सगळं रात्री, समोर कोणी बसलेलं नसताना. अशा कामासाठी साधन शोधणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो: कोणतं साधन किती फॉरमॅट वाचतं यापेक्षा, खराब फाइल पुढ्यात आली की ते काय करतं, हे मी आधी बघतो. आपण समोर असलो तर अर्धा करडा झालेला फोटो लगेच दिसतो. स्क्रिप्टला दिसत नाही.

फार खोलात जायचं नाही. एकच नाव सांगा.

इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्युपाँटमध्ये असताना हे सुरू केलं आणि १९९० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. दोनशेहून जास्त फॉरमॅट, माप बदलणं, कापणं, अक्षरं लिहिणं, जिफ, सगळं एका छताखाली. हलत्या चित्रांचं काम असेल तर सोबतीला एफएफएमपेग बसवा. बहुतेकांचं काम या दोघांत भागतं.

मात्र 'दोनशे फॉरमॅट' या आकड्यावर जाऊ नका. त्यातले बरेच फॉरमॅट इमेजमॅजिक स्वतः वाचत नाही, दुसऱ्याकडून वाचून घेतं: पीडीएफसाठी घोस्टस्क्रिप्ट, आयफोनच्या फोटोंसाठी लिबहाइफ, वेबपीसाठी लिबवेबपी. त्या लायब्ररी तुमच्या मशीनवर नसतील तर फॉरमॅटही नाही. फॉरमॅटची यादी दाखवणारी कमांड आधी चालवून बघा. तुमच्या फॉरमॅटपुढे वाचण्याचं आणि लिहिण्याचं अशी दोन्ही अक्षरं हवीत.

जुन्या लेखांत 'कन्व्हर्ट' असतं, नव्यात 'मॅजिक'. कोणतं खरं?

दोन्ही. आवृत्ती ६ मध्ये कन्व्हर्ट (रूपांतर करून नवी फाइल), मॉग्रिफाय (त्याच फाइलवर बदल), आयडेंटिफाय (फाइलची माहिती) अशा सुट्या कमांड होत्या. आवृत्ती ७ मध्ये सगळ्यांची मिळून 'मॅजिक' ही एक कमांड झाली, आणि 'कन्व्हर्ट' चालवली तर ती जुनी झाल्याची सूचना येते. गोंधळ होतो तो लिनक्सच्या वितरणांमुळे. उबुंटू २४.०४ मध्ये अजून आवृत्ती ६ मिळते, तर डेबियन १३ मध्ये ७. तुमच्या लॅपटॉपवर चाललेली स्क्रिप्ट सर्व्हरवर 'अशी कमांड नाही' म्हणते ती यामुळे. नवी स्क्रिप्ट लिहीत असाल तर सातव्या आवृत्तीसाठीच लिहा. कारण सातवी आवृत्ती पर्यायांच्या क्रमाबाबत जास्त काटेकोर आहे: आधी फाइल, मग तिच्यावर करायची कृती, शेवटी आउटपुट. ही शिस्त सहाव्यातही चालते, उलटं मात्र नेहमी चालत नाही.

विंडोजवर 'कन्व्हर्ट' नावाची एक कमांड आधीपासून आहे. ती डिस्कची फाइल सिस्टीम फॅटवरून एनटीएफएसवर नेते. तिचा आणि फोटोंचा काही संबंध नाही.

ग्राफिक्समॅजिक घ्यावं का?

२००२ मध्ये इमेजमॅजिकच्या ५.५.२ या आवृत्तीतून हे वेगळं निघालं. वेगळं होण्याचं मुख्य कारण स्थैर्य: आज लिहिलेली कमांड काही वर्षांनी तशीच चालावी. ते वचन त्यांनी बऱ्यापैकी पाळलं आहे. फोटो लहान करणं, फॉरमॅट बदलणं एवढंच काम असेल तर ते हलकं पडतं, आणि त्याच्या 'बॅच' पद्धतीत एकदा सुरू केलेला प्रोग्रॅम शेकडो कमांड एकामागून एक घेत राहतो, दरवेळी नव्याने सुरू व्हावं लागत नाही. त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट मराठी लोकांना आड येते. ती खाली देवनागरीच्या प्रश्नात आहे.

फोटो हजारोंनी आहेत आणि सर्व्हर छोटा आहे. मेमरी पुरत नाही.

मग लिबव्हिप्स. हे मुळात युरोपातल्या 'वसारी' प्रकल्पातून आलं. चित्रसंग्रहालयांतल्या चित्रांचे रंग अचूक नोंदवण्यासाठी लागणाऱ्या प्रचंड प्रतिमा हाताळायला १९९० च्या सुमारास ते लिहिलं गेलं, आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीशी त्याचं जुनं नातं आहे. त्यामुळे 'अख्खी प्रतिमा मेमरीत मावणार नाही' हे गृहीत धरूनच त्याची बांधणी झाली. हवा तेवढाच तुकडा वाचायचा, त्यावर सगळ्या क्रिया करायच्या, लिहायचा आणि पुढे जायचं.

इमेजमॅजिक बहुतेक वेळा पूर्ण प्रतिमा उलगडून ठेवतं. आवृत्ती ६ च्या १६ बिटांच्या बांधणीत प्रत्येक पिक्सेलला ८ बाइट लागतात. ६००० गुणिले ४००० चा साधा कॅमेऱ्याचा फोटो घेतला तर १९ कोटी २० लाख बाइट झाले, आणि हा फक्त एक फोटो. 'तारा-चिन्ह डॉट जेपीजी' देऊन कन्व्हर्ट चालवलं तर ते फोल्डरातले सगळे फोटो एकदम मेमरीत घेतं! मॉग्रिफाय एकेक करून घेतं.

लहान प्रतिमांसाठी लिबव्हिप्ससोबत 'व्हिप्सथंबनेल' ही कमांड येते. जेपेग फाइल वाचतानाच निम्मी, पाव किंवा एक अष्टमांश करून वाचता येते याचा ती आपोआप फायदा घेते. इमेजमॅजिकलाही हे जमतं, पण 'डिफाइन' पर्यायातून 'जेपेग-साइझ' तुम्हाला सांगावं लागतं, आणि ते सांगणारे विरळाच. नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) वापरणाऱ्यांना 'शार्प' ही लायब्ररी ठाऊक असेल. त्याच्या पोटात लिबव्हिप्सच आहे.

लिबव्हिप्सची अडचण म्हणजे त्याची कमांड लाइन रुक्ष आहे. एका ओळीत पाच क्रिया गुंफायच्या तर इमेजमॅजिक सोपं. म्हणून मी आधी इमेजमॅजिकमध्ये लिहितो, आणि जी पायरी अडते तेवढीच लिबव्हिप्सकडे देतो.

रूपांतरानंतर मोबाइलचे काही फोटो आडवे पडतात. काहींचे रंग उतरतात.

दोन्हींचं मूळ बहुधा 'स्ट्रिप' या पर्यायात असतं. फाइल हलकी व्हावी म्हणून तो सगळी जोडमाहिती काढून टाकतो. त्या माहितीतच 'हा फोटो ९० अंशांत फिरवून दाखवा' ही नोंद असते आणि रंगांचं प्रोफाइलही असतं. आधी 'ऑटो-ओरिएंट' करून फोटो खरोखर फिरवा, मग रंग एसआरजीबीमध्ये (पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगमापात) आणा, आणि त्यानंतरच माहिती पुसा. छापखान्यातून आलेल्या सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगातल्या) जेपेगांच्या बाबतीत तर प्रोफाइल आधी पुसलं की रंग अंदाजाने ठरतात, आणि लग्नातला शालू भलत्याच रंगाचा होतो.

माहिती पुसण्याचा एक चांगला हेतू विसरू नका: फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही तिथेच असतात. नेमकं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवायचं असेल तर फिल हार्वे यांचं एक्झिफटूल वापरा. त्या कामात त्याच्या जवळपास कोणी नाही.

मॉग्रिफायने माझे मूळ फोटोच बदलले!

तो तसाच वागतो, त्याच फाइलवर लिहितो. 'पाथ' पर्यायाने दुसरं फोल्डर द्या. आणि मूळ फोटोंच्या फोल्डरवर स्क्रिप्टच्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगीच देऊ नका. हा दुसरा उपाय जास्त खात्रीचा.

स्क्रिप्ट 'यशस्वी' म्हणते, पण काही फोटो अर्धे करडे निघतात. हे कसं पकडायचं?

अपलोड मध्येच तुटलं की जेपेगचा खालचा भाग येत नाही. डिकोडर तो भाग करड्या रंगाने भरतो, 'फाइल अकाली संपली' अशी एक ओळ छापतो आणि पुढे जातो. ती ओळ रात्री वाचणार कोण?

आयडेंटिफायने आधी तपासू असं अनेकांना वाटतं. पण साध्या रूपात ते फाइलचा माथा वाचून रुंदी-उंची सांगतं, खालचा भाग गायब आहे हे त्याला कळतच नाही. इमेजमॅजिकला 'रिगार्ड-वॉर्निंग्ज' हा पर्याय द्या, म्हणजे त्या सूचना दखलपात्र ठरतात. लिबव्हिप्समध्ये हे जास्त नीट केलं आहे: 'फेल-ऑन' पर्यायाने नेमकं कुठे थांबायचं ते ठरवता येतं, फाइल तुटकी असली तर, चूक असली तर, की साधी सूचना आली तरी. साधनं तोलताना या एका मुद्द्यावर मी लिबव्हिप्सला वरचा नंबर देतो.

एफएफएमपेगची एक वेगळीच खोड आहे. बॅशमध्ये फायलींची यादी ओळीओळीने वाचणाऱ्या लूपमध्ये ते चालवलं, तर ते कीबोर्डची वाट बघत असल्यासारखं यादीतल्याच ओळी गिळतं. परिणामी पहिली फाइल होते, पुढच्या काही गायब होतात किंवा त्यांच्या नावांची पहिली अक्षरं तुटतात. 'नोएसटीडीइन' हा पर्याय दिला की थांबतं. सोबत आउटपुट आधीच असेल तर त्यावर लिहायचं की नाही, हेही 'वाय' किंवा 'एन' देऊन सांगून ठेवा.

साधन कोणतंही असो, आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने लिहा, एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे यश) शून्य आला आणि फाइल रिकामी नसली तरच खरं नाव द्या. वीज गेली तरी अर्धवट फाइल वेबसाइटवर जात नाही.

माप देताना 'मोठं असेल तरच लहान कर' यासाठी > हे चिन्ह लावतात. ते अवतरणात ठेवा. नाहीतर शेल त्याचा अर्थ 'आउटपुट फाइलमध्ये पाठव' असा घेतं, आणि फोल्डरात कोणी न मागितलेली फाइल उगवते.

जिफ कशाने करावं?

आधी जिफच्या मर्यादा बघू, कारण त्या कोणतंच साधन ओलांडू शकत नाही. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये आणलेला हा फॉरमॅट. एका रंगपट्टीत २५६ रंग. दोन फ्रेममधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, तोही पूर्णांकात. म्हणजे सेकंदाला बरोबर ३० फ्रेम जिफमध्ये बसतच नाहीत: ३ शतांश दिले तर ३३ च्या वर जातं, ४ दिले तर २५ वर येतं. आणि हुशारी करून १ शतांश दिला तर ब्राउझर तो धुडकावून १० शतांश धरतात. 'मी वेगवान केलं आणि ते उलट रेंगाळलं' या तक्रारीचं उत्तर हेच.

हातात मोजकी चित्रं असतील, बॅनरसारखं काही असेल, तर इमेजमॅजिक पुरतं. 'डिले' शतांशात द्या, 'लूप' शून्य म्हणजे अखंड. आधीच तयार असलेल्या जिफचं माप बदलायचं असेल तर सगळ्यात आधी 'कोअलेस' करा. जिफमधली प्रत्येक फ्रेम पूर्ण असेलच असं नाही, पुष्कळदा फक्त बदललेला तुकडा साठवलेला असतो. ते तुकडे आहेत तसेच लहान केले की चित्रावर चौकोनी डाग उठतात. माप बदलून झालं की 'लेयर्स ऑप्टिमाइझ' करून पुन्हा तुकड्यांत आणा.

व्हिडिओवरून जिफ करायचं तर एफएफएमपेग, पण थेट नाही. थेट केलं तर ते ठरावीक रंगपट्टी वापरतं, आणि चेहऱ्यावर ठिपके येतात. 'पॅलेटजेन' हा फिल्टर त्या व्हिडिओपुरते योग्य रंग निवडतो, 'पॅलेटयूज' ते वापरतो. दोन पायऱ्या आहेत, पण निकाल बघितल्यावर कोणी पहिल्या पद्धतीकडे परत जात नाही.

उत्तम दिसणंच महत्त्वाचं असेल तर गिफस्की. प्रत्येक फ्रेमची रंगपट्टी वेगळी ठेवून ते २५६ च्या मर्यादेला बगल देतं. फाइल अर्थातच फुगते. फुगलेली फाइल गिफसिकलच्या 'लॉसी' पर्यायातून काढली की बरीच उतरते.

पण जिफच का?

योग्य प्रश्न. वेबसाइटवर हलतं चित्र दाखवायचं असेल तर आवाज नसलेला एमपी-फोर व्हिडिओ बहुतेक वेळा कितीतरी लहान होतो. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर वेबपी किंवा एपीएनजी (हलणारं पीएनजी). एपीएनजी २००४ मध्ये मोझिलाच्या लोकांनी मांडलं, क्रोममध्ये यायला २०१७ उजाडलं. एफएफएमपेगने एपीएनजी करताना 'प्लेज' शून्य द्यायला विसरू नका, नाहीतर ते एकदाच चालून थांबतं. वेबपीची कमाल रुंदी-उंची १६३८३ पिक्सेल आहे, लांबलचक पट्टीचं चित्र असेल तर अडेल. ईमेलमध्ये पाठवायचं असेल तर मात्र अजून जिफच.

टाइमलॅप्स: पेणच्या कारखान्यात मूर्ती घडताना दर मिनिटाला फोटो काढले. व्हिडिओ मध्येच संपतो.

एखादा क्रमांक गहाळ असणार. क्रमांकाच्या साच्याने ('%04d' सारख्या) फायली दिल्या की एफएफएमपेग खंड पडला तिथे 'चित्रं संपली' असं समजतं. चूक दाखवत नाही, व्हिडिओ आखूड होतो एवढंच. आधी फायलींना सलग नवे क्रमांक द्या. लिनक्स किंवा मॅकवर असाल तर 'ग्लॉब' साच्याने (तारा-चिन्हाने जुळणारी सगळी नावं घेणाऱ्या) खंड असूनही काम होतं. पण क्रमांकांपुढे शून्यं हवीत, नाहीतर १ नंतर १० येतो आणि मूर्तीला डोळे आधी, हात नंतर येतात.

'फ्रेमरेट' हा पर्याय इनपुटच्या आधी लिहा. काही न सांगितल्यास सेकंदाला २५ धरले जातात. पिक्सेल फॉरमॅट 'वाययूव्ही ४२० पी' सांगा, कारण पीएनजीवरून केलेला व्हिडिओ एरवी अशा प्रकारात निघतो जो अनेक फोनवर उघडत नाही. रुंदी-उंची सम संख्या हवी. ती विषम असेल तर एफएफएमपेग काम करायलाच नकार देतं, आणि असा उघड नकार मला आवडतो. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये साच्यातलं टक्केचिन्ह दोनदा लिहावं लागतं.

फोटोवर मराठी मजकूर टाकला की वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात.

इंग्रजी लेखांत हे कुठे सापडत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

देवनागरी मजकूर म्हणजे एकामागे एक अक्षरांची रांग नव्हे. 'कि' लिहिताना क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. 'क्ष'साठी तीन सांकेतिक चिन्हांचं एक रूप होतं. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. नुसता फॉन्ट वाचणाऱ्या साधनाला यातलं काही कळत नाही. म्हणून:

ग्राफिक्समॅजिक या कामाला घेऊ नका.

इमेजमॅजिकची आवृत्ती विचारणारी कमांड चालवून शेवटच्या यादीत 'राक्म' किंवा 'पँगोकैरो' आहे का ते बघा. दोन्ही नसतील तर फॉन्ट कितीही बदला, उपयोग नाही. पँगो असेल तर मजकुराला 'भाषा मराठी' अशी खूणही लावता येते, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. नोटो सान्स देवनागरीत ही सोय आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

लिबव्हिप्सचा मजकूर पँगोमधूनच जातो, तिथे सहसा त्रास नाही.

एफएफएमपेगचा 'ड्रॉटेक्स्ट' फिल्टर ६.१ या आवृत्तीपासून हार्फबझ वापरतो. त्याआधीची आवृत्ती असेल तर मजकूर उपशीर्षकांच्या फाइलमधून 'सबटायटल्स' फिल्टरने टाका. त्यामागची लिबॲस ही लायब्ररी अक्षरं नीट जुळवते.

मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर आधी तो युनिकोडमध्ये आणावाच लागतो. दिवाळी अंकांच्या जुन्या फायलींत हे हमखास भेटतं.

पीडीएफवरून चित्र काढताना 'परवानगी नाही' असं येतं.

घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटींमुळे २०१८ पासून डेबियन आणि उबुंटूने इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये (काय चालू, काय बंद, किती मर्यादा हे ठरवणारी फाइल) पीडीएफ बंद केलं. इंटरनेटवर सगळीकडे 'ती ओळ खोडा' असा सल्ला आहे. खोडण्यापेक्षा पॉपलर या पीडीएफच्या साधनसंचातलं 'पीडीएफ-टू-पीपीएम' वापरा. ते वेगवान आहे, पीएनजी आणि जेपेगही देतं. 'कॅशे संपली' ही चूकही त्याच पॉलिसी फाइलमधल्या मर्यादांमुळे येते. त्या वाढवता येतात, पण आधी प्रतिमा एवढी मोठी का आहे ते बघा.

लोक स्वतः फोटो चढवतात अशी वेबसाइट आहे. धोका आहे का?

आहे. २०१६ मध्ये 'इमेजट्रॅजिक' म्हणून गाजलेल्या त्रुटीत फोटो म्हणून चढवलेली फाइल सर्व्हरवर कमांड चालवू शकत होती. दुरुस्ती झाली, पण धडा असा की फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नये. लागतात तेवढेच फॉरमॅट पॉलिसीत चालू ठेवा. वेळेची आणि मेमरीची मर्यादा घाला. लिबव्हिप्समध्ये अविश्वसनीय फॉरमॅट एका झटक्यात बंद करणारा पर्यावरण-चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) आहे, तो चालू करा. जिफ चढवलं तर नावापुढे चौकटी कंसात शून्य लिहून फक्त पहिली फ्रेम घ्या, नाहीतर एका जिफमागे शंभर जेपेग पडतील.

आठ कोअर आहेत, तरी वेग येत नाही.

एका वेळी आठ कामं लावताना इमेजमॅजिकला प्रत्येकी एकच धागा द्या, त्यासाठी 'थ्रेड लिमिट' एक ठेवा. ते स्वतःही धागे पसरतं, मग आठ कामांचे मिळून चौसष्ट होतात आणि एकमेकांची वाट अडवतात.

काहीही बसवायची परवानगी नाही. मग?

मॅकवर 'सिप्स' आधीच असतं. माप आणि फॉरमॅट बदलायला चालतं. विंडोजवर इरफानव्ह्यू कमांड लाइनवरूनही चालतं, पण ते बसवावं लागतं आणि व्यावसायिक वापरासाठी पैसे भरावे लागतात. एनकन्व्हर्टचंही तसंच.

परवान्यांचं काय?

घरच्या किंवा कार्यालयातल्या वापराला इथलं जवळपास सगळं मोकळं आहे. प्रश्न येतो ते तुमच्या उत्पादनात भरून विकताना. ग्राफिक्समॅजिक आणि इमेजमॅजिक सैल आहेत, लिबव्हिप्स एलजीपीएल, म्हणजे थोड्या अटींचं. एफएफएमपेग कसं बांधलं आहे त्यावर एलजीपीएल की जीपीएल (त्याहून कडक) ते ठरतं. गिफस्की आणि घोस्टस्क्रिप्ट एजीपीएल (सगळ्यांत कडक) आहेत, त्यासाठी वकिलाला विचारा.

फायलींची नावं मराठीत ठेवली तर चालेल?

लिनक्सवर चालतात. तरी 'वाऱ्यावरची.जेपीजी'सारख्या नावाने एक गंमत होते. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं दुसऱ्या प्रकारे साठवायची. अशी डिस्क लिनक्स सर्व्हरवर उतरवली की डोळ्यांना तेच दिसणारं नाव स्क्रिप्टला सापडत नाही. नावं एनएफसी रूपात (म्हणजे एकच चिन्ह असलेल्या पहिल्या प्रकारात) आणणारी 'कॉन्व्हएमव्ही' ही छोटी कमांड आहे, ती रूपांतराच्या आधी एकदा फिरवा. प्रत्यक्षात काय बदलणार ते ती आधी फक्त दाखवते. खरोखर बदलायला तिला 'नोटेस्ट' सांगावं लागतं.